दम खोटे बोलत नाही

“पुन्हा सुटला,” भाची म्हणाली आणि नाकावरची चिमटी सोडून हसली.

प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारला. धावपटूंचा संघ आज संध्याकाळी जाहीर व्हायचा होता. दम रोखून धरायचा आणि सोडल्यावर नाडी किती लवकर ठिकाणावर येते ते पाहायचे, ही त्यांची हृदयाची जुनी चाचणी. ती पार केल्याशिवाय कुणालाच संघात जागा नसे. यंत्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. यंत्र चुकते, दम खोटे बोलत नाही, हे ऐकून पोरांचे कान किटले होते.

बाकीचे सगळे पास होऊन केव्हाच खाली मैदानावर गेले होते. उरली होती ती सख्ख्या बहिणीची मुलगी, सगळ्यांत वेगवान. तिला तशीच घेतली तर लोक मामाच्या नावाने बोटे मोडणार, न घेतली तर बहीण घरात पाऊल ठेवू देणार नाही.

दिवसच मुळी वाईट उगवला होता. सकाळी बायकोशी वाजले. मग इथला जिना चढताना मध्येच थांबून त्यांनी सूचनाफलक वाचला, तर त्यावरही मागच्या महिन्याचेच कागद.

“मामा, तुम्ही कसा रोखता ते परत दाखवा ना. मी तुमची नाडी धरते.”

“काल दाखवलं, परवा दाखवलं. अगं, श्वास घ्यायचा आणि सोडायचा नाही. यात शिकण्यासारखं आहे काय?”

कोपऱ्यातल्या बाकावर बहुधा कुणाचे तरी वडील मांडीवर पिशवी घेऊन मख्खपणे बसले होते. परक्यासमोर आणखी शोभा नको म्हणून प्रशिक्षक मुकाट्याने स्टुलावर टेकले. छाती भरून घेतली, नाक दाबले. भाचीची बोटे त्यांच्या मनगटावर, डोळे घड्याळावर. एवढे लक्ष या पोरीने स्वतःच्या चाचणीत दिले असते तर त्यांच्या डोक्याचा ताप वाचला असता.

त्यांनी दम सोडला आणि धापा टाकतच विचारले, “कळलं?”

तिने मान डोलावली. बोटे मात्र काढीना.

“आता तुझी पाळी. ही शेवटची.”

तिने मोकळ्या हाताने नाक दाबले. दम रोखला तो रोखलाच. खिडकीखाली पोरांची मैदानाला फेरी मारून झाली, तरी तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग तिने सावकाश श्वास सोडला.

प्रशिक्षक भडकले. “येत होतं तर तीन दिवस माझा जीव का खाल्लास?”

“मामी ‘तपासून घ्या’ सांगून थकली, म्हणून.”

बाकावरचा माणूस पिशवीतून स्टेथोस्कोप काढत उठला. भाचीने मामाचे मनगट अजून सोडले नव्हते.

“डॉक्टर, माझा श्वास सोडून झाला तरी यांची नाडी ठिकाणावर आलेली नाही,” ती म्हणाली. “आणि यांचा दम खोटं बोलत नाही.”