केबिनमधली देवी

ज्योतीने आधी डॅशबोर्डवरची सप्तशृंगी काढली, रुमालात गुंडाळली, आणि मगच गाडीची किल्ली जिनेशशेठच्या हातावर ठेवली. गाडी विकली तरी तिच्यातला देव विकायचा नसतो. तिच्या सासऱ्यांनी ट्रॅक्टर विकला, तेव्हा खंडोबाची तसबीर मांडीवर घेऊन ते एसटीने घरी आले होते. त्यात कुणाला काही नवल वाटलं नव्हतं.

गाडी तशी लहानशीच, पण ज्योतीच्या नावावर. सात वर्षं तीच चालवत होती. आजही अमळनेरहून देवपूरमधल्या जिनेशशेठच्या या जुन्या गाड्यांच्या यार्डापर्यंत तिनेच आणली होती. आता ती जुन्या ट्रकच्या किमतीत वळती होणार होती. ट्रक मात्र नवा रंग लावून नवरदेवासारखा सजून उभा होता.

तिचा नवरा कुंदन बारा वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर सावद्याची केळी दिल्लीला पोचवत होता. आता त्याला स्वतःचा ट्रक हवा होता. ज्योतीला नेमकी त्याचीच धास्ती होती. मालकाचा ट्रक ठरल्या दिवशी परत यायचा. स्वतःचा ट्रक भाडं नेईल तिकडे जाणार. आणि बाकी सगळं होऊन आता फक्त तिचीच सही राहिली होती.

"रोज सांजले फोन करसू ना," कुंदन सकाळपासून चौथ्यांदा म्हणाला. "तू काबर घाबरस?"

ज्योती आपली देवी नव्या जागी बसवावी म्हणून ट्रकच्या केबिनमध्ये चढली आणि थबकली. जागा रिकामी नव्हती. काचेच्या वर एकवीरेची तसबीर होती आणि तिला झेंडूचा हार, वाळून काळा पडलेला. रंगाऱ्याने अख्खा ट्रक रंगवला, पण देवीला हात लावायची काही त्याची छाती झाली नसावी.

देव न काढता गाडी कोण देतं? ज्याला काढायला वेळच मिळाला नाही, तो.

"शेठ, खरं सांगा," तिने खिडकीतून वाकून विचारलं. "ही अपघातातली गाडी आहे का? कुणी गेलंय का हिच्यात?"

"अहो वहिनी, काय बोलता!" जिनेशशेठ दुखावलाच. "मालक स्वतः चालवत घेऊन आला. सह्या केल्या, चहा प्यायला आणि आपल्या पायांनी गेला. बावीस दिवस झाले. कागद बघा ना, प्रेमराज पाटील, दोंडाईचा."

विकणारा दुसरं काय सांगणार? ज्योतीचं समाधान होईना. तिने समोरची उन्हाची झडप खाली ओढली. आतल्या बाजूला पेनाने 'घर' असं लिहून पुढे नंबर लिहिला होता. कुंदनही असाच लिहितो. आडरस्त्यात काही बरंवाईट झालं तर कुणीतरी घरी कळवावं म्हणून.

तिने काच वर केली आणि नंबर लावला. फोन एका बाईने उचलला. मालक घरी आहेत का, म्हणून ज्योतीने विचारलं.

"प्रेमराजभाऊ घर शेत का?"

"नहीत ना. गाडी लिसन दिल्लीले जायेल शेतस," बाई मोकळेपणाने म्हणाली. "बावीस दिन व्हयनात. तथाईन आसामनं भाडं भेटनं म्हने. तुमले भाडं सांगनं शे का?"

ज्योतीने स्टिअरिंगवरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"फोन येस का त्यास्ना?"

"येस ना, रोज सांजले. गाडीमाईनच बोलतस." बाई हसली. "पन औंदा हॉर्न वाजाडतस नही. पहिले रोज वाजाडेत. आसाममा हॉर्नले बंदी शे म्हने. आमनी गाडीना हॉर्न मी झोपमा बी वळखस, ताई. तुम्ही कोन?"

काय सांगणार? तुमची गाडी माझ्या बुडाखाली आहे, असं सांगायचं? त्या माणसाने घरी का लपवलं, तो रोज संध्याकाळी कुठे बसून फोन करतो, हे ज्योतीला तरी कुठे ठाऊक होतं!

"काही नही, ताई. भाडं व्हतं. मंग फोन करस," म्हणून तिने फोन बंद केला. आपल्याला खोटं बोलावं लागलं याची तिला लाज वाटली, आणि खरं न बोलल्याची त्याहून जास्त.

तिने एकवीरेची तसबीर खाली काढली. पदराने काच पुसली. ही आता दोंडाईच्याला पोचती करायला हवी होती. तिथे दारात उभं राहून काय सांगायचं, ते मात्र तिला सुचेना.

"उतर ना, सही करी टाक!" खालून कुंदनने हाक दिली. त्याच्या एका हातात पेन होतं आणि दुसऱ्या हातात नारळ. इतका खुशीत तिने त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिला त्याच्यावर रागावताही येईना.

ती उतरली. दोन्ही देवी छातीशी धरून तिने सही केली.

"रोज फोन करशात ना," ती पेन परत देत म्हणाली, "तवय एकदाव हॉर्न वाजाडज्यात."

"काबर?"

"मी सांगस म्हनीसन."

"बस, इतलंच?" कुंदन हसत केबिनमध्ये चढला आणि लहान पोरासारखा त्याने तिथल्या तिथे हॉर्न दाबला. लांबलचक. अख्खं यार्ड दणाणलं.

फोन तर केव्हाच बंद झाला होता. तरी तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून ज्योतीने तो तळव्याखाली घट्ट झाकून धरला.