पडद्याची पिशवी

वकीलसाहेबांनी कागदांतून मान वर केली. "काकू, खोलीत चार मुलं राहतात. गांजा सापडला ती पिशवी खुंटीला होती. कुणाची, हे पोलिसांना ठाऊकच नव्हतं. जामिनासाठी एवढं पुरे होतं. मग ती तुमच्या मुलाची, असं चौकीत कुणी सांगितलं?"

"मीच," ती म्हणाली. "जुन्या पडद्याची आहे. माझ्या हातची शिलाई मी हजारांत ओळखेन. वाटलं, सांगितलं तर परत देतील."

वकिलांची नजर तिच्या मांडीकडे गेली. मुलाला द्यायचे कपडे तिने त्याच पडद्याच्या दुसऱ्या पिशवीतून आणले होते.

तिनेही खाली पाहिलं. रडूसुद्धा आलं नाही. ती नुसती नखाने शिवण उसवत बसली. दुहेरी टाका होता, सुटता सुटेना.