जागा संपल्या

"आज किती नावं आली गं?" अण्णा रोज विचारायचे. चाळीस वर्षांचं पेटी-दुरुस्तीचं दुकान बंद करण्याआधी ते एकदा सगळ्यांसमोर वाजवणार होते. त्यांच्या मुलीनं, वैजूनं, दुकानाच्या वेबसाइटवर कार्यक्रमाचं पान केलं होतं, जागा पंचवीस. नावं मात्र दोनच आली. अण्णांचा उतरलेला चेहरा बघवेना, तेव्हा तिनं जुन्या गिऱ्हाइकांची तेवीस नावं आपल्याच हातानं भरून टाकली. अण्णा हरखून गेले.

कार्यक्रमाला ती दोनच माणसं आली. तेवीस रिकाम्या खुर्च्यांसमोर अण्णा तासभर वाजवत राहिले.

"शिरीषला कळवलं होतंस ना?" पाहुणे गेल्यावर त्यांनी विचारलं.

"पानाची लिंक पाठवली होती," म्हणत तिनं मोबाइलवर ते पान उघडलं. वर लाल अक्षरांत 'जागा संपल्या' असं होतं. पंचविसावं नाव पडताच नोंदणी आपोआप बंद झाली होती. खाली निरोपांच्या रकान्यात शिरीषचा, तिच्या भावाचा, चार दिवसांपूर्वीचा न वाचलेला निरोप पडून होता: "ताई, जागा नाहीत म्हणे. मी मागे उभा राहीन. अण्णांना विचार. उत्तर आलं नाही तर काय ते समजेन."

"नऊ वर्षांनी बोलावलं, तरी आला नाही," अण्णा पेटी झाकत म्हणाले. "मी मेलो तरी त्याला कळवायचं नाही. शपथ घे."

वैजूनं निरोप पुसून टाकला.

"तुमच्या गळ्याशपथ, अण्णा."