जाम नदीच्या काठी

पाच वाजले. पल्लवी मॅडम आजही पिशवी घेऊन निघाल्या. अमोलने केबिनचा पडदा बोटभर सरकवला. पिशवीतून थर्मास डोकावत होता, आणि दोन कप. एकट्या बाईला दोन कप कशाला?

जिनिंग फॅक्टरीत मॅनेजर दोघे, तो आणि मॅडम. कापसाचा सीझन संपला की एकालाच ठेवू, असं मालकांनी नागपूरहून कळवलं होतं. तेव्हापासून अमोलला साऱ्यांचाच संशय यायचा. मॅडमचा जरा जास्तच. मशीन बंद पडो, मालक फोनवर खेकसोत, दुसऱ्या दिवशी बाई हसत हजर! हिला टेन्शन कसं येत नाही?

त्याने चौकीदाराला गाठलं. "मोतीराम, मॅडम कुठं जातात रे?"

"जाम नदीकडं जाऊन राहिल्या साहेब. तिकडून सावरगावचं बी कोणी येते म्हणते."

सावरगावात समोरच्या पार्टीची जिनिंग होती. अमोलच्या डोक्यात उजेड पडला. बाई आपले भाव फोडते तर!

नदी ओलांडून तो सावरगावला घरी आला. भाजीत मीठ कमी म्हणून त्याने ताट भिरकावलं आणि बायकोवर, रजनीवर मनसोक्त ओरडला. मग त्याला हलकं वाटलं. टेन्शन साठवायचं नसतं, बाहेर काढायचं असतं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

सांडलेलं उचलून रजनी खांद्याला बाम चोळत बसली.

"काय झालं?"

"काई नाही. खांदा दुखून राहिला."

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या मागे गेला आणि बाभळीआड दबला. खडकावर थर्मास ठेवून मॅडमनी पदर खोचला, एक गोटा उचलला.

"हा मालकाले!"

गोटा समोरच्या दरडीवर ठाणकन आदळला. अमोल चाट पडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीतही गोटे फेकायचे ते पुरुषांनी. बायांनी लांबून पाहायचं.

पण मालकाला गोटा? त्याने मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. आता हिची नोकरी गेलीच, आणि आपली पक्की.

"घ्या ताई, तुमची पाळी," मॅडम म्हणाल्या. "आज कोणाले?"

खडकामागून दुसरी बाई पुढे आली. समोरच्या पार्टीची असणार. चेहरा दिसावा म्हणून अमोलने स्क्रीनवर बोटं ताणली.

रजनीने दुखरा खांदा फिरवला आणि गोटा उचलला. "रोजचाच, वो. माह्या नवऱ्याले!"