कपाटाखालचं नाव

किन्हवलीचा कोंडू सुतार अकरा वर्षं मुंबईच्या एका शेठसाठी वाकड्या पायांची विलायती कपाटं घडवत होता. नमुन्याच्या पुस्तकातली चित्रं बघून मान मोडेस्तोवर नक्षी कोरायची आणि टेम्पो यायच्या आधी शेठने दिलेला लोखंडी शिक्का कपाटाच्या बुडाला ठोकायचा. शिक्क्यावरची इंग्रजी अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. शेठच्या दुकानाचं नाव असेल, असं तो धरून चालला होता.

यंदा कॉलेजात जाऊ लागलेल्या त्याच्या लेकीने, पूजाने ते नाव वाचलं, मग पुस्तक चाळलं.

"बाबा, हे दुकानाचं नाव नाय. अडीचशे वर्षांपूर्वीचा फ्रान्सचा सुतार हाय हा. राजाची कपाटं करायचा. तिकडं नियमच होता, ज्यानं कपाट केलं त्यानं आपलं नाव ठोकायचं."

"मग लय मोठा झाला असंल."

"कुठला! हात थकले, मग कोण विचारीना. हलाखीतच मेला."

कोंडूने दुखरं मनगट चोळलं आणि पुन्हा हातोडी उचलली.

"पण नाव तरी राहिलं ना गो त्याचं?"



"राहणारच की, बाबा. अकरा वर्षं तुमीच तर ठोकताय."