पुढील कार्यवाहीसाठी

सीमेपलीकडच्या आपल्या प्रत्येक बांधवाचं रक्षण हे आमचं पवित्र कर्तव्य आहे, असं शेजारी देशाच्या वकिलातीत सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली जेवणाच्या सुट्टीची वेळ होती. घरात त्यांची भाषा बोलतो म्हणून इथल्या पोलिसांनी माझ्या शिंपी भावाला उचललं होतं. त्याच्या सुटकेसाठी इथे दिलेल्या अर्जाचं काय झालं ते विचारायला वहिनी खिडकीशी गेली. “ताई, अर्ज लगेच पुढे पाठवला बरं,” कारकून आमच्याच भाषेत गोड हसला. “कुणाकडे?” “तुमच्या सरकारकडे.” “अहो, त्यांनीच तर नेलंय ह्यांना!” “मग त्यांनाच विचारायला नको? सार्वभौम राष्ट्रात आम्ही कसं नाक खुपसणार?” वहिनीनं खिडकीची कड धरली. “परत मागवा. पाया पडते.” “सोमवारीच गेला, जोडपत्रासकट. आमच्याकडे काही पडून राहत नाही.” त्यानं पोचपावती पुढे सरकवली. जोडपत्रात, वकिलातीच्याच नियमाप्रमाणे, भावाला नेताना पाहिलेल्या अकरा शेजाऱ्यांची नावं, सह्या आणि पत्ते होते.