दहा मिनिटांचा पत्ता

"तीन दिवस," साहेब म्हणाले. "तीन दिवसांत मला नाव हवं. नाही मिळालं तर मालक तुझंच नाव लिहून घेतील."

नेटवाल्याने कागद हातात घेतला. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा, त्यामुळे त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतंच उरलं होतं. कागद म्हणजे तपासणी खात्याकडे ऑनलाइन गेलेल्या एका तक्रारीची नक्कल होती. खात्यातल्या मालकांच्या ओळखीच्या माणसाने ती गुपचूप पाठवली होती.

'तीन नंबरच्या टाकीतल्या पाण्यात जंतू सापडले आहेत. तरीही जार भरून बाहेर जातात, आणि रिपोर्ट स्वच्छ लिहिला जातो.' खाली खात्याचा शेरा होता: पुरावा जोडलेला नाही. पुरावा आल्यास कारवाई.

तक्रारदाराच्या नावाची जागा कोरी होती. होता तो फक्त एक ईमेल पत्ता. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यावर उमटावीत तशी अक्षरं.

नेटवाल्याने तो लगेच ओळखला. हा दहा मिनिटांचा पत्ता होता. एक साइट तो फुकट देते, आलेलं पत्र वाचता येतं, आणि दहा मिनिटांनी पत्ता विरून जातो. मागच्या महिन्यात सगळ्या स्टाफला बसवून हे त्यानेच शिकवलं होतं. "दिसेल त्या साइटवर आपला खरा पत्ता देत सुटू नका," तो म्हणाला होता. "नाहीतर जाहिराती वाचता वाचता म्हातारे व्हाल." सगळे हसले होते. साहेब तेवढे शेवटच्या रांगेत जांभया देत बसले होते.

"मालक म्हणतात, ही अक्कल तूच वाटलीस," साहेब आता म्हणाले. "तेव्हा शोधायचंही तूच."

साहेबांना पाठीमागे सगळे करवत म्हणत. जातानाही कापते, येतानाही कापते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रिपोर्टवर त्यांचीच सही असायची.

नेटवाला आपल्या खोलीत आला आणि दाराला कडी लावून बसला. कुठल्या कॉम्प्युटरवरून कुठली साइट उघडली, याची नोंद महिनाभर राहायची. दोन तास तो याद्या खाली सरकवत होता. मग त्याचं बोट थांबलं.

मंगळवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर.

प्रयोगशाळेत एकच व्यक्ती काम करायची. ताई.

घरी आला तेव्हा बायको मुलीच्या दप्तरात घरच्या पाण्याची बाटली कोंबत होती. शाळेत त्यांच्याच कारखान्याचे जार यायचे. गेल्या महिन्यात पोर आठ दिवस उलट्या-जुलाबांनी अंथरुणाला खिळली होती.

"शाळेतलं पाणी तिला सोसत नाही," बायको म्हणाली. "तू बघ ना जरा, तुमचंच आहे ते."

"बघतो," तो म्हणाला, आणि त्याने बाटलीचं झाकण घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी तो माऊस बदलायच्या निमित्ताने प्रयोगशाळेत गेला. ताई काचेच्या नळ्या धूत होत्या. सहा महिन्यांत त्या निवृत्त होणार होत्या.

"ताई, गेल्या मंगळवारी दुपारी हा चालू होता का?"

"दुपारी मी कँटीनमध्ये असते बाबा." त्यांनी मान वर केली नाही. "का रे?"

"सहज. टाकी नंबर तीन कशी आहे?"

नळी त्यांच्या हातातून निसटून बेसिनमध्ये फुटली. ताईंनी एकेक तुकडा उचलला.

"मी जे दिसतं ते लिहून देते," त्या हळूच म्हणाल्या. "पुढे त्याचं काय होतं ते मला विचारू नकोस. माझे सहा महिने नीट जाऊ देत."

त्याला उत्तर मिळालं होतं. या बाईने केलंय, आणि ती घाबरली आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मंगळवारची नोंद निवडली. नाव दिलं तर नोकरी शाबूत. नाही दिलं तर घराचा हप्ता, शाळेची फी, सगळंच बोंबललं. त्याला मुलीचे खोल गेलेले डोळे आठवले. त्याने बटण दाबलं. ओळ नाहीशी झाली.

"काय पुसतोयस?"

साहेब दारात उभे होते. आज कडी लावायची राहून गेली होती.

"जुना कचरा, साहेब."

साहेब आत आले. त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"नाव?"

"नाही सापडलं." त्याने माऊस बाजूला सारला. "हा पत्ता असा असतो की मागे काही राहतच नाही."

"आपल्या नोंदींतही नाही?"

"नाही."

"प्रयोगशाळेतल्याही?"

नेटवाल्याच्या मनात आलं: यांना ठाऊक आहे. ताईंचा संशय यांना आधीच आला आहे.

"तिथल्याही नाही. सगळं तपासलं."

"खोटं बोलत असशील तर मालक तुला कुठे उभं करणार नाहीत, कळतंय ना?"

"कळतंय. हवं तर मला काढून टाका. पण नाव नाही."

साहेबांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"बाहेरून कुणी हुशार माणूस आणला तर? त्याला सापडेल?"

"कुणालाच नाही सापडणार, साहेब."

साहेबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"मग बस इथेच, आणि मला तसाच आणखी एक पत्ता काढून दे," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी ताईंचे मूळ रिपोर्ट जोडायचा मला धीर झाला नव्हता."